गुळवेलीवरचा पाहुणा

देवगाव रंगारीत ताप आला की लोक दोन ठिकाणी जात. ऐपत असलेले स्टँडजवळच्या डॉक्टरकडे आणि बाकीचे बानाबाईच्या दारात. डॉक्टरकडे जाऊन आलेलेही दुसऱ्या दिवशी गुपचूप तिच्याकडेच जात, ही गोष्ट वेगळी. तिच्या झोपडीसमोरच्या कडुलिंबावर गुळवेल होती. कडुलिंबावर चढलेली गुळवेल औषधाला अस्सल, असं सगळं गाव मानायचं. ती वेल इतकी माजली होती की झाड कुठं संपतं आणि वेल कुठं सुरू होते ते कळत नसे.

बानाबाई कुणाकडून काही घेत नसे. तिची एकच अट होती, बसायचं. "बस, च्या ठेवते," असं म्हणून ती चुलीत काड्या सारायची आणि मग तिचं बोलणं सुरू व्हायचं. लोकांना तेवढा वेळ कुठला? कुणाची म्हैस सुटलेली असायची, कुणाचं लेकरू रडत असायचं. वेलीचं कांडं हातात पडलं की माणूस उठलाच म्हणून समजा. हे तिला पाठ झालं होतं. म्हणून ती आधी चहा पाजायची, मग कोयता शोधायची आणि मग वेलीला हात लावायची. "बानाबाईची वेल कपातच उगवते," असं गावात चेष्टेनं म्हणत. म्हणणारे चहा मात्र आवडीनं पीत.

मी त्या गावात मास्तरीण म्हणून गेले तेव्हा वाळूजला नवे कारखाने उभे राहत होते आणि गावातली तरणी पोरं एकेक करून तिकडं निघाली होती. आता मी शहरात, पुंडलिकनगरला राहते. तेव्हा मात्र चुलत्यांकडे, तात्यासाहेबांच्या घरी राहत होते. तात्या गावातले बडे बागायतदार, आणि त्यांची बायको द्वारकाबाई माझी काकू. गेल्या गेल्याच मला ताप भरला आणि काकू मला बानाबाईच्या दारात घेऊन गेली. काकू दोन घोट पिऊन निघाली. मला अंगात उठायचंच त्राण नव्हतं, म्हणून मी बसून राहिले. माझ्या बसण्याचा बानाबाईनं भलताच अर्थ घेतला आणि त्या दिवसापासून मी तिची झाले.

ती धनगराची. वय विचारलं की म्हणायची, "पुलिस ॲक्शनच्या साली न्हाती-धुती झाले, आता तूच हिशोब कर." नवरा पुंजाराम मेंढरं घेऊन गौताळ्याच्या डोंगराकडं जायचा आणि ती त्याच्या मागून पाल, भांडी, कोंबड्या घेऊन चालायची. एका साली रोग येऊन निम्मी मेंढरं मेली. उरलेली विकली आणि त्या धास्तीनंच पुंजाराम गेला. लेक साळूबाई लांब बुलढाण्याकडं दिलेली, ती सणालासुद्धा येत नसे. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यामुळं दिवसभर काहीतरी बोलत राहायची बानाबाईला सवय. मेंढरं गेली, बोलणं राहिलं.

गुळवेलही पुंजारामनंच डोंगरातून आणलेली. स्वतःच्याच तापासाठी आणलेलं एक कांडं त्यानं झाडाच्या फांदीला टांगलं आणि तसंच विसरला. "तोडून टांगली तरी मरत नाय ही. हवा पिऊन जगती," बानाबाई म्हणायची. टांगल्या कांड्यानं खाली मुळ्या सोडल्या, जमीन धरली आणि वेल झाडावर चढली. पुंजारामची म्हणून तिच्याकडं एक घोंगडी होती आणि ही वेल.

मी गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी तात्यांची मोसंबीची बाग पहिल्यांदा भरून आली. तात्यांचा आनंद काय वर्णावा! रोज सकाळी जाऊन झाडांना हात लावून यायचे. भाद्रपदात फळं पिवळी पडायला लागली आणि तेव्हाच ती गळूही लागली. प्रत्येक गळालेल्या फळाला एक बारीक भोक, सुईनं टोचावं तसं. भोकाभोवती बोट दाबलं की साल आत जायची आणि रसाची चिळकांडी उडायची. दोन दिवसांत फळ सडायचं.

आमच्या घराण्यात काही बिघडलं की आधी भावकी आठवते आणि मग देव. तात्यांनी भावकीवर संशय घेऊन बागेच्या फाटकावर माणूस बसवला. तो तिथं सुखानं झोपला आणि फळं गळतच राहिली. मग एके सकाळी बागेत कामाला येणारी सरूबाई एक मोसंबी पदरात घेऊन ओट्यावर आली. फळ जमिनीवर ठेवून ती लांब सरकली.

"मालक, हे किड्याचं काम नाय," ती म्हणाली. "उताऱ्याच्या लिंबाला टोचत्यात तसं टोचलंय हे. भानामती हाय."

ओट्यावर कुणी हसलं नाही. मी हसले, म्हणून काकूनं माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. भानामती म्हटली की ती करणारं कुणीतरी लागतं. आठवडाभर आधी बानाबाई दारात येऊन दोन पडकी मोसंबी मागत होती आणि काकूनं कामाच्या गडबडीत तिला 'नंतर ये' म्हणून परत पाठवलं होतं. ती दिवेलागणीला बागेच्या कुंपणाकडून काटक्या वेचत जाते, हेही सरूबाईला आठवलं. झालं. बाई एकटी असली की आळ घ्यायला पुरावा लागत नाही. तिच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं, तेवढं पुरतं. याच बाईच्या वेलीचा काढा या ओट्यावरच्या एकूणएक माणसानं प्यालेला होता, याचा मला आजही संताप येतो.

"सर्वपित्रीला देवऋषी आणतो," तात्या म्हणाले. "मारुतीसमोर सगळ्या गावात तो नाव घेईल. तिचं नाव निघालं तर तिनं गाव सोडायचं."

मी म्हटलं, "तात्या, कीड असेल हो एखादी."

"मग दाखव."

मी दोन दिवस शाळा सुटल्यावर बागेत फिरले. पानं उलटली, खोडं खरवडली. काटक्या होत्या, वाळकी पानं होती, मुंग्या होत्या. कीड काही दिसली नाही. "शिकलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट दिसंना होय?" असं तात्यांनी जेवताना विचारलं.

त्या भाद्रपदात गावात घरोघरी ताप होता. पण बानाबाईच्या दाराकडं कुणी फिरकलं नाही. लोक घोंगड्याखाली कुडकुडत पडून राहिले, पण गेले नाहीत. मी गेले. चुलीवर चहा होता आणि दोन कप मांडलेले होते.

"कुणी येणार होतं का?" मी विचारलं.

"रोजच मांडते," ती म्हणाली. "न जाणो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पन एक पाव्हणा हाय. ये, दावते."

तिनं कोपऱ्यातली टोपली उचलली. खाली गुळवेलीची पानं पसरलेली आणि त्यांवर बोटाएवढी एक अळी. मखमलीसारखी, काळपट जांभळी. अंगाच्या बाजूला दोन मोठाले डोळे, त्यांत पांढरी बुबुळं. अळीनं अंगाचा पुढचा आणि मागचा भाग असा वर उचलला की मी दचकून मागं झाले.

बानाबाई खुश झाली. "मीबी पयल्यांदा अशीच भ्याले. ते डोळं खोटं हायेत. खरं तोंड इकडं, खाली घातलेलं. भित्रं हाय बिचारं, म्हून डोळं वटारतं."

वेलीवर अशा अळ्या पुष्कळ होत्या. साळुंक्या त्यांना वेचून खात होत्या, म्हणून हिनं एक आत आणली. रोज ताजी पानं घालायची आणि तिच्याशी बोलायची. काय बोलता म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "काय बी. मेंढरांशी बोलायचे तेच. दिसायला वंगाळ हाय, पन लई खातो आन् उठून जात नाय."

मी दुसरा कप घेतला.

मग एक दिवस अळीनं खाणं सोडलं. दोन पानं तोंडातल्या धाग्यानं एकमेकांना शिवली आणि आत जाऊन बसली. बानाबाई घाबरी होऊन शाळेच्या कुंपणापाशी आली. आत यायचं तिनं टाळलं. "मेला काय गं? हलत नाय," ती म्हणाली. मी सांगितलं, मेला नाही, कोष केलाय. आत तो बदलतोय, बाहेर येईल तेव्हा त्याला पंख असतील. एवढं मला पुस्तकावरून माहीत होतं. कसले पंख, ते पुस्तकात नव्हतं.

"म्हंजे तोबी उडून जाणार," ती म्हणाली आणि परत निघाली.

सर्वपित्रीला चार-पाच दिवस उरले असताना तिनं मला बोलावून घेतलं. टोपली उचलली तर शिवलेल्या पानांचा फाटका कोष होता आणि शेजारी एक वाळकं पान. तपकिरी, मधोमध शीर असलेलं, कडेला थोडं हिरवट. कचरा समजून मी ते उचलायला बोट लावलं आणि पान उघडलं. खाली दुसरे पंख होते, झेंडूसारखे केशरी आणि त्यांवर काळे पट्टे. मी किंचाळले. बानाबाई इतकी हसली, इतकी हसली की तिला खोकला लागला. त्या महिन्यात ती पहिल्यांदाच हसत होती.

पतंग टोपलीच्या काठावर थोडा थरथरला आणि दारातून बाहेर गेला. कडुलिंबाखाली पाचोळा होता, त्यात बसला. बसताना आम्ही दोघींनी पाहिलं. केशरी झाकलं गेलं आणि मग तो दिसेना. आम्ही वाकून वाकून शोधलं. समोर बसलेला तो हरवला तो हरवलाच.

"गेला," ती म्हणाली आणि टोपली पालथी घालून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आमच्या परसदारी कडी वाजली. बानाबाई होती. एरवी ती त्या दिवसांत आमच्या वाटेनं फिरकत नसे. तिनं माझं मनगट धरलं आणि मला बागेच्या कुंपणापाशी नेलं.

"मोसंबीला असलं पान असतंय का?" तिनं विचारलं.

फळाला चिकटून एक वाळकं पान होतं. मोसंबीचं पान हिरवंगार आणि हे तपकिरी. दोन दिवस दिवसाउजेडी मी या झाडांखालची पानं तुडवत फिरले होते. मी वाकून पाहिलं. पानाला डोळे होते. पानातून तारेसारखी ताठ सोंड निघाली होती आणि ती थेट फळाच्या सालीत घुसली होती. बानाबाईनं काडीनं हलकंच डिवचलं. केशरी पंख भर्रकन उघडले, पतंग उडाला आणि सालीवर रसाचा एक थेंब राहिला. सुईएवढं भोक होतं. पुढं कृषी खात्याच्या एका पत्रकात मला त्याचं नाव सापडलं, फळातला रस शोषणारा पतंग. त्या क्षणी मला नावाची गरज नव्हती.

"मावशी, सुटलात तुम्ही!" मी म्हटलं. "चला, आत्ता तात्यांना दाखवू."

ती जागची हलली नाही. "थांब बाई. हे पाखरू येतंय कुठून म्हून इचारतील ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अळी गुळवेलीची पानं खाते आणि गावात एवढी माजलेली गुळवेल एकच होती.

"वेलीचं सांगूच नका," मी म्हटलं. "नुसतं पाखरू दाखवू."

"मंग म्होरल्या साली परत टोचंल, आन् परत माह्याच दारात येतील." ती कुंपणाच्या तारेला धरून उभी राहिली. "सांगितलं तर येल जाईल. येल गेली तर माह्या दारात कोन येईल, बाई? मला बघाया कोन येतंय? येलीला येत्यात. मला ठावं हाय ते. कप हातात घेऊन बी त्यांचं ध्यान झाडाकडंच असतंय." तिनं डोळे पुसले नाहीत, तसंच बोलत राहिली. "आन् न्हाई सांगितलं तर गाव जाईल. गाव गेल्यावर येल घेऊन काय करू? पुंजारामला जाळलं त्या वढ्याच्या काठी. त्याला टाकून कुठं जाऊ?"

मी तिला काय सांगणार? मी तिशीच्या आतली मास्तरीण, बदली झाली की जाणार. तिनं कुंपणाची तार सोडली आणि म्हणाली, "बोलव तुह्या तात्याला."

तात्या बॅटरी घेऊन आले. चिडूनच आले होते. मी एका पानावर उजेड धरला आणि बानाबाईनं काडी लावली. केशरी. दुसऱ्या फळावर, पुन्हा केशरी. तिसऱ्या झाडावर तात्यांनी स्वतःच काडी लावली आणि तोंडावर पतंग उडाल्यावर ते मटकन बांधावर बसले.

"आयला!" ते म्हणाले. "पान होऊन बसतंय व्हय!" मग त्यांना हसू आलं. बानाबाईकडं न बघता म्हणाले, "चुकलं बरं का, बानाबाई. देवऋषीला नको म्हणून खबर धाडतो." आणि लगेच, "पण ह्येची पैदास कुठं हाय?"

बानाबाई बोलली.

"माह्या दारात, तात्यासायब. येलीवर."

दुसऱ्या दिवशी तात्या दोन गडी घेऊन तिच्या दारात गेले. वाईट बोलले नाहीत. चपला बाहेर काढल्या, 'मावशी' म्हणाले. तिनं चहा ठेवते म्हटलं तर 'आज नको, घाई हाय' म्हणाले. मुळी कुठं आहे ते तिनंच दाखवलं. गड्यांनी ती खणून काढली, वरचं जाळं आकड्यानं ओढून काढलं आणि सगळं गावाबाहेर नेऊन पेटवलं. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा त्या कडुलिंबाचं खोड दिसलं. ते वेलीखाली फिकट पडलेलं होतं.

फळं गळायची कमी झाली. बांधाबांधांवर धूर केला, संध्याकाळी पतंग वेचून मारले. बाग वाचली आणि बानाबाईचं नावही वाचलं. सरूबाईनं मात्र तिचं खरं केलंच. "पाह्यलं? निघालं ना तिच्याच दारातून!" असं ती पाणवठ्यावर सांगत होती. मी तिला चार बायकांत फाडकन बोलले, पण त्यानं काय व्हायचं होतं?

आता तिला कुणी वाईट म्हणत नव्हतं, रस्त्यात कुणी टाळत नव्हतं. 'काय बानाबाई, बरं हाय का?' म्हणून लोक पुढं जायचे. दारात मात्र कुणी जात नव्हतं. कशाला जातील? दारात झाड होतं आणि झाडाखाली एक बाई, एवढंच. मी जायचे, पण मला शाळा होती. खरं सांगायचं तर तिच्याकडं जाताना मला आताशा जड वाटायचं. ती पूर्वीसारखी बोलत नसे. टोपली तशीच पालथी पडलेली असायची. वेल मारून गावानं तिची माणसं तोडली होती, आणि यात कुणाचीच चूक काढता येत नव्हती, म्हणून मला जास्त वाईट वाटायचं.

दिवाळीनंतर तात्यांना ताप भरला. डॉक्टरच्या सुया झाल्या, गोळ्या झाल्या, ताप उतरेना. चौथ्या दिवशी दुपारी काकू मला म्हणाली, "चल गं जरा माझ्यासंगं."

"कुठं?"

ती चालायला लागली. कुठं ते मला कळलं.

बानाबाई उंबऱ्यात बसली होती. आम्हाला बघून उठली आणि आधी तिला कळेना काय करावं. काकू उभ्यानंच म्हणाली, "बानाबाई, यांचा ताप हटंना. माहीत हाय मला, वेल आम्हीच काढली. कुठल्या तोंडानं मागू? पण एखादं कांडं कुठं राहिलं असंल तर..."

"बसा," बानाबाई म्हणाली. "बसा द्वारकाबाई. बघते. च्या ठेवते आधी."

काकू बसली. मी तिच्या शेजारी बसले. आत डोळे सरावले तेव्हा चुलीच्या वरच्या कोनाड्यात मला ते दिसलं, बोटभर जाडीचं, वीतभर लांब गुळवेलीचं कांडं. धुरानं काळवंडलेलं होतं, पण एका टोकाला त्याला पोपटी कोंब फुटला होता. बानाबाईनं चहाची पूड त्याच कोनाड्यातून काढली. तिचा हात त्या कांड्याला लागला आणि तिथून खाली आला.

मग ती शोधायला लागली. मडकी उतरवून त्यांत बघितलं. उतरंडीमागं हात घातला. चिंध्यांचं बोचकं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. शोधता शोधता बोलू लागली, साळूबाईचं लेकरू केवढं झालं असेल, यंदा थंडी लवकर पडली, पुंजारामला ताप आला तेव्हा तो कसा बरळायचा. पालथी टोपलीसुद्धा तिनं उचलून पाहिली. काकू 'हं, हं' करत होती. तिचं लक्ष घराकडं होतं, पण उठता येत नव्हतं.

कांडं ती देणार होती. त्याबद्दल मला शंका नव्हती. तात्यांचा ताप ऐकून तिला राहवलं नसतं. मी कोनाड्याकडं बघत होते हे तिनं पाहिलं. माझ्याकडं तिनं अशा काही नजरेनं बघितलं की मी मान खाली घालून कप तोंडाला लावला.

काकूनं रिकामा कप खाली ठेवला. "सापडतंय का गं?" तिनं विचारलं.

"बघते ना," बानाबाई म्हणाली. तिनं काकूच्या कपात आणखी चहा ओतला आणि पुंजारामची घोंगडी खाली घेऊन तिची घडी उलगडायला लागली.